शांत म्हणायचं नाही

कल्याणच्या त्या रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डात एक शब्द सोडून काहीही बोलायला मुभा होती. डॉक्टरांना नावं ठेवता येत, जेवणाला ठेवता येत, विश्वस्तांच्या सुनेनं घेतलेल्या नव्या गाडीबद्दल तर रोजच बोलणं होई. फक्त 'शांत' म्हणायचं नाही. 'आज वॉर्ड कसा शांत आहे' असं कोणी म्हणालं, की चहा निवायच्या आत खाली रुग्णवाहिका येऊन लागते, हा इनचार्ज गोदा सिस्टरांचा उभ्या नोकरीचा अनुभव होता. एक नवा डॉक्टर असंच बोलून गेला आणि शहाडला वऱ्हाडाचा टेम्पो उलटला, ही हकिगत नर्सिंगच्या प्रत्येक नव्या बॅचला सांगितली जाई. टेम्पोला वॉर्डातलं बोलणं कसं ऐकू गेलं, असं विचारणाऱ्या मुलीला त्या दिवशी बेडपॅन धुवायला मिळत.

त्यामुळे प्रशांत नावाच्या वॉर्डबॉयला सगळे नुसते 'प्र' म्हणत, आणि तोही बिचारा ओ देई. भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीतल्या पहिल्या शब्दावर सिस्टरांनी चिकटपट्टी मारली होती. नुसतं 'राखा' उरलं होतं. काय राखायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

अशा वॉर्डात दुसऱ्या वर्षाची रुचिता ड्यूटीला होती. मुलगी वर्तकनगरची, घरचं मूळ कोकणातलं, हुशार, अक्षर छान. पण गेले काही आठवडे इंजेक्शन भरायला घेतलं की तिचे हात थरथरत. झोप नव्हती. आणि याचं कारण तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं, कारण ते कारण सांगण्यासारखं नव्हतं. ते कारण म्हणजे वाटाण्याची उसळ.

झालं होतं असं. आधीच्या वॉर्डात एक आजी तिचं बोट धरून गेल्या. रुचितानं पाहिलेला हा पहिला मृत्यू. आजींचं बोट सोडवलं, पुढचं सगळं शिकवल्याप्रमाणे केलं, चादर बदलली, त्या खाटेवर दुसरा पेशंट आला, आणि जेवायची सुट्टी झाली म्हणून ती मेसमध्ये गेली. उसळ होती. चांगली झाली होती. तिनं दुसऱ्यांदा मागून घेतली. पानावरून उठताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला रडू आलेलं नाही. त्यानंतर ते आलंच नाही. हॉस्टेलात तिनं उशीत तोंड खुपसून पाहिलं, आईला फोन करून पाहिला, कांदा चिरायलासुद्धा बसली. कांद्यानं आलं, पण ते धरायचं नाही असं तिचं तिनंच ठरवलं. आपण एक तर दगड आहोत किंवा या कामाच्या नाही आहोत. आता घरी जाऊन आईला सांगायचं आणि बी.कॉम.ला नाव घालायचं, इथवर तिचा विचार पोचला होता.

इतर मुलींना ही अडचण नव्हती. त्या लिनन रूममध्ये जाऊन चादरींच्या गठ्ठ्यावर बसून पाळीपाळीनं रडत आणि तोंड धुऊन कामाला लागत. तिची रूममेट संचिता तर आपली पाळी नसतानाही रडून घेई आणि वर रुचिताला म्हणे, "तुझी फुकट जातेय ना, मग मला दे की."

अशात वरून कुठूनतरी विचारणा आली की नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या मानसिक ताणाबाबत आपल्या संस्थेनं काय केलं आहे. संस्थेचे प्रशासकीय अधिकारी कुंडलिक सर कामाला लागले. पहिलं काम म्हणून त्यांनी लिनन रूमला कुलूप लावलं. रडायला जागाच नसली तर मुली रडणार कुठे, हा त्यांचा हिशेब. दुसरं काम म्हणून 'मनःशांती सप्ताह' जाहीर केला.

नौपाड्याहून एक मनःशांतितज्ज्ञ आले. आवाज असा की ऐकणाऱ्याला उशी मागावीशी वाटावी. प्रत्येक कामाआधी उजवा हात छातीवर ठेवून 'मी शांत आहे' असं मोठ्यानं म्हणायचं, असा त्यांनी पाठ दिला. सभागृहात सगळ्या मुली एका सुरात म्हणाल्या, "मी शांत आहे." मागच्या रांगेत गोदा सिस्टरांनी दोन्ही कानांत बोटं घातली. त्या आठवड्यात अपघात विभागात खाटा कमी पडून पेशंट बाकांवर झोपवावे लागले. सिस्टरांनी कोणालाच काही म्हटलं नाही. त्या फक्त कुंडलिक सरांच्या केबिनसमोरून जाताना थोडं थांबत आणि आत बघत.

शेवटच्या दिवशी परीक्षा झाली. मुलींच्या बोटाला नाडीचं यंत्र लावून पडद्यावर काही काही दाखवण्यात आलं. मोटरसायकलचा अपघात, रडणारं मूल, गटारात पडलेलं मांजरीचं पिल्लू. पिल्लाला बघून संचिताची नाडी अशी धावली की तिला लिंबू सरबत द्यावं लागलं. रुचिताचा आकडा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत हलला नाही. तज्ज्ञांनी यंत्र बदलून पाहिलं. मग उभं राहून टाळ्या वाजवल्या. आपल्या सबंध कारकिर्दीत इतकं शांत मन आपण पाहिलं नाही, असं ते म्हणाले. रुचिताच्या खांद्यावरून 'शांतिदूत' लिहिलेला जांभळा पट्टा घालण्यात आला, आणि यापुढे नातेवाइकांशी फोनवर फक्त हीच मुलगी बोलेल, असा आदेश कुंडलिक सरांनी तिथल्या तिथे काढला. नातेवाईक चिडके असतात, त्यांना शांत माणूस बरा.

बी.कॉम.चा विषय काढायला रुचिता रविवारी घरी जाणार होती. आईनं तोवर पट्ट्याचा फोटो सगळ्या नात्यात पाठवून दिला होता. विषय राहिला.

वॉर्डात तेव्हा महिपतबुवा नावाचे एक म्हातारे होते. टिटवाळ्याच्या अलीकडच्या गावातले, पिढ्यानपिढ्यांचे शेतकरी. त्यांच्या निम्म्या भातशेतीवर आता सत्तावीस मजली इमारत उभी होती, आणि जिथे पूर्वी त्यांची म्हैस बसे तिथे आता पोहण्याचा तलाव होता. म्हैस जास्त समाधानानं बसायची, असं त्यांचं म्हणणं. छातीत पाणी झालं म्हणून आणलेले. एका रात्री त्यांना धाप लागली, आरडाओरडा झाला, आणि सकाळी औषध लागू पडून त्यांना गाढ झोप लागली. त्यांच्या घरी कळव, लोक काळजीत असतील, असं सिस्टरांनी रुचिताला सांगितलं.

रुचितानं छातीवर हात ठेवला, 'मी शांत आहे' म्हटलं आणि बुवांचा मुलगा नाथा याला फोन लावला. सप्ताहात शिकवलेल्या संथ, मऊ आवाजात ती म्हणाली, "रात्रभर खूप तळमळले हो बाबा. पहाटे शांत झाले. आता त्यांना काहीच त्रास नाही."

पलीकडून मग नाथा "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. किती समजूतदार माणसं, असं रुचिताला वाटलं.

समजूतदार माणसं उन्हं चढेस्तोवर आली. आधी चार गाड्या, मग टेम्पो, त्यात बांबू, मडकं, गवऱ्या आणि गावाचं भजनी मंडळ, टाळांसकट. गावच्या नाक्यावर तोवर बॅनर लागला होता. गॉगल घातलेले महिपतबुवा, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्या बत्तीस तरुणांचे फोटो, तेही गॉगल घातलेले. एक प्रत खिडकीला बांधायला म्हणून सोबतही आणली होती. बायकांच्या पुढे बुवांची बहीण शेवंती होती. पंचक्रोशीत तिच्यासारखं मयतावर रडणारं कोणी नव्हतं. तिनं जिन्यापासूनच सूर लावला.

वॉर्डात महिपतबुवा खाटेवर बसून चहात खारी बुडवत होते. एवढी माणसं बघून त्यांनी खारी खाली ठेवली.

"कोन गेला रं?" त्यांनी विचारलं.

"तुमी," नाथा म्हणाला.

बुवांनी यावर थोडा विचार केला. भजनी मंडळातल्या एकानं हातातला टाळ चुकून वाजवला आणि मागे लपवला. शेवंती मात्र थांबली नाही. तिचं रडणं एकदा सुरू झालं की अर्धवट टाकता येत नसे, ते पूर्ण करूनच तिला जमिनीवर येता येई. त्यामुळे पुढचं सगळं बोलणं तिच्या सुरावरून मोठ्यानं करावं लागलं.

फोन कोणी केला, हे नाथानं विचारलं. रुचिता पुढे झाली. पट्टा अंगावर होताच. आपण शांत म्हणजे शांत या अर्थानं म्हटलं, असं तिनं सांगितलं. नाथानं विचारलं, दुसरा अर्थ कुठला? आमच्याकडे जिवंत माणूस शांत होत नाय. कुंडलिक सर धावत आले आणि आल्याआल्या त्यांनी रुचिताच्या पालकांना बोलावून घ्यायचं, तिला घरी पाठवायचं जाहीर केलं. रुचिताला आत कुठेतरी हायसं वाटलं. आपल्याला सांगायला जमत नव्हतं ते परस्पर होत होतं.

एवढ्यात शेवंतीचं रडणं पूर्ण झालं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "पन चांगलाच झाला की. मी बोंबलत व्हते ना, दादाच्या डोक्याला कावला शिवलाय, खोटी बातमी धाडा? कोनी ऐकला माजा?"

सगळ्यांना आठवलं. खरंच, आजारी पडायच्या आदल्याच आठवड्यात अंगणात बुवांच्या डोक्याला कावळा चाटून गेला होता. असा कावळा शिवला तर माणूस मेल्याची खोटी बातमी नात्यात कळवायची, त्यांनी खरं समजून रडायचं, मग अरिष्ट टळतं आणि आयुष्य वाढतं, ही चाल सगळ्यांना ठाऊक होती. शहाण्या नातवंडांनी ती हसण्यावारी नेली होती. आणि इथे ती रीत सांगोपांग पार पडली होती, तीही रुग्णालयाकडून. नाथानं हिशेब केला. बांबूपर्यंत आलेली खोटी बातमी म्हणजे साधी नव्हे, दहा-पंधरा वर्षांची निश्चिती. त्यानं टेम्पोतला नारळ आणून रुचिताच्या हातात दिला. भजनी मंडळ आलंच होतं म्हणून एक अभंग झाला. ज्या दामूशी बांधावरून बुवांचं बोलणं बंद होतं तो दामू कोपऱ्यात डोळे पुसताना सापडला. बुवांनी त्याला हाक मारून जवळ बसवलं आणि बॅनर कसा आलाय ते दाखवायला सांगितलं. फोटो चांगला आलाय, असं दोघांचं मत पडलं. बांध तेवढ्यापुरता राहिला.

संध्याकाळी शेजारच्या बायकांच्या वॉर्डातल्या एका बाईंचा मुलगा रुचिताजवळ आला. इकडेतिकडे बघत म्हणाला, सिस्टर, आमच्या आईचंही तेवढं कळवा ना, डोंबिवलीला मामांना. ते मनापासून रडतात.

दुसऱ्या दिवशी असे सहा जण आले. त्यातल्या एकाचा पेशंट तर नुसता पाय मोडलेला होता, पण झालं तर बरंच, असं त्याचं म्हणणं पडलं. कुंडलिक सरांनी आधी कपाळाला हात लावला, मग तो हात काढून विचार केला. असा उपक्रम अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. जिन्याखाली एक टेबल, एक फोन आणि पाटी आली: 'आयुष्यवृद्धी वार्ता कक्ष'. रुचिताला घरी पाठवणं रद्द झालं. तिला वॉर्डातून काढून कायमची त्या टेबलावर बसवण्यात आलं.

गोदा सिस्टरांनी एवढंच विचारलं, "तुला हे पाहिजे का, बाळ?"

रुचिता हो म्हणाली. इथे सुई नव्हती. कोणी बोट धरणार नव्हतं. हात थरथरले तरी फोनला कळत नव्हतं. परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत आणि हजेरी वॉर्डातली लागते, असं सिस्टर म्हणाल्या. बसतेस तर बस, पण परीक्षेला इंजेक्शनसाठी हात पुढे करावा लागेल तेव्हा काय करशील, ते बघून ठेव. रुचितानं ते बघणं पुढे ढकललं.

कामात ती लवकरच तरबेज झाली. सकाळी बदलापूर, मग अंबरनाथ, दुपारून ठाण्याचे जावई. 'शांत झाले', 'गेले', 'निधन झालं', जसा माणूस तसं म्हणायचं, पलीकडचं रडणं ऐकायचं, आणि ते पुरेसं झालंसं वाटलं की खुलासा करायचा. लोक शिव्या देत, मग हसत, मग आपल्या सासूचं नाव देत. दिवसभर तिच्या कानात माणसं रडत. काका रडत, मेव्हणे रडत, एक जण तर स्वतःचंच नाव देऊन बायको किती रडते ते ऐकायला शेजारी येऊन उभा राहिला, आणि बायकोनं आधी विम्याचं विचारलं म्हणून खिन्न होऊन गेला. रुचिताला मात्र काही होत नसे. पट्टा जांभळाचा फिका होत चालला होता.

महिपतबुवांना कक्षाचे आद्य लाभार्थी म्हणून मान होता. दुपारी सलाइनची काठी ढकलत ते जिन्याखाली येत आणि स्टुलावर बसत. एकदा त्यांनी विचारलं, एवढ्यांना रडवतेस, तू कवा रडत नाय ती? का कोण जाणे, रुचितानं त्यांना आजींचं सांगितलं. बोटाचं सांगितलं. उसळीचंही सांगितलं.

"कसली उसल?" बुवांनी विचारलं.

"वाटाण्याची."

"हिरवा का पांढरा?"

"हिरवा."

बुवांनी मान हलवली. हिरवा असेल तर मागणारच, असं ते म्हणाले. मग बराच वेळ ते सलाइनच्या नळीतले बुडबुडे बघत बसले. "माजी बायको गेली ना," ते म्हणाले, "तवा मयतावरून आलू नि पयली तमाकूची डबी शोदली. मिलली नाय म्हनून पोरांना शिव्या घातल्या. डबी तिच्या कमरेला व्हती. तिच्यासंगतीच गेली." यावर काही म्हणायचं असतं असं त्यांना वाटलं नाही. त्यांना चहा हवा होता.

पुढच्या आठवड्यात, अशाच एका दुपारी, ते आले नाहीत. रुचितानं दोनदा जिन्याकडे पाहिलं. मग गोदा सिस्टर आल्या. चहा यायची वाट बघत बसले होते, त्या म्हणाल्या, बसल्या बसल्याच. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. घरी कळवायचंय. मी करू का फोन?

"नको," रुचिता म्हणाली. "मी करते."

नाथानं दुसऱ्या रिंगला उचलला. रुचितानं सप्ताहात शिकलेल्या आवाजात सांगितलं, बाबा शांत झाले.

"परत?" नाथा हसला. "अवो सिस्टर, झालाय ना त्यांचा एकदा. आता काय दोनशे वरसा ठेवताव?"

ती म्हणाली, तसं नाही, ते गेले. हां हां, गेले, नाथा म्हणाला, आत्याला सांगतो, ती शेतावर हाय, आल्यावर रडेल. ती म्हणाली, निधन झालं. नाथा म्हणाला, हे जरा पेपरात असतं तसं वाटतंय, मागचं चांगलं होतं. मरणाला मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे तिनं एकामागून एक वापरले, आणि प्रत्येक शब्दाला पलीकडून शाबासकी आली. ते सगळे शब्द तिनंच याच फोनवरून वापरून झिजवले होते. आता खऱ्यासाठी एकही शिल्लक नव्हता.

"नाथादादा," ती म्हणाली, "अहो, त्यांनी चहा मागितला होता. चहा आलाय. तो तसाच..."

पुढचं वाक्य तिला पुरं करता येईना. घशातून एक विचित्र आवाज आला, तो आपला आहे हे कळायला तिला वेळ लागला. मग ती रडू लागली. टेबलावर डोकं ठेवून, फोन कानाला तसाच धरून, नाक गळेपर्यंत. त्यात बुवा होते, त्या आजी होत्या, आणि आजींचं नावसुद्धा आपल्याला आठवत नाही हेही होतं. रांगेतले नातेवाईक एकेक करून मागे सरकले. कुंडलिक सर जिन्यावरून दोन पायऱ्या उतरले, गोदा सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, तसे ते दोन पायऱ्या चढून गेले.

फोनवर कोणीतरी चालू ट्रॅक्टर बंद केल्याचा आवाज आला.

"सिस्टर," तो म्हणाला, "खरा?"

तिनं फोन धरूनच मान हलवली. तो समजला.

मग तोच म्हणाला, रडू नका. पानी प्या. कोन हाय का तिथं पानी द्यायला? त्याचाही आवाज आता धड नव्हता. आत्याला कसं सांगू, असं त्यानं दोनदा विचारलं, रुचिताला नव्हे, नुसतंच. मग कुठल्या दारानं यायचं ते विचारलं. रुचितानं नाक पुसून सांगितलं, मागच्या दारानं या, पुढे गाड्या लागलेल्या असतात. त्यांचं आधार कार्ड आणा. सावकाश या.

"बाबा एकले हान का?" नाथानं विचारलं. "आमी यीपरयंत तुमी ऱ्हाल त्यांच्यापाशी?"

"राहीन," रुचिता म्हणाली.

तिनं पट्टा काढून खुर्चीवर ठेवला, तोंड धुतलं आणि सिस्टरांच्या मागोमाग जिना चढून वॉर्डात गेली. खाली फोन पुन्हा वाजू लागला. टिटवाळ्याच्या कुणाला तरी आपल्या मावशीचं आयुष्य वाढवून हवं होतं. बराच वेळ वाजला. शेवटी प्रशांतनं उचलला आणि साहेब, ती बाई कामावर गेली, असं सांगून ठेवून दिला.